महामारीच्या काळात थीम पार्कला जाताना
महामारीच्या काळात आपण थीम पार्कला पहिल्यांदाच जात असाल, तर तिकीट काढण्याआधी तारीख बदलून मिळते का, हे नीट वाचून घ्यावे. घरात कुणाला सकाळी ताप आला, तर पैसे बुडतील या धास्तीने निघण्याचा मोह होतो आणि तो टाळलाच पाहिजे. 11 मे 2020 रोजी शांघायचे डिस्नीलँड पुन्हा उघडले, तेही मर्यादित प्रवेश आणि आगाऊ नोंदणीच्या अटीवरच.

माझ्या मते खरी काळजी राइडवर नव्हे, तर रांगेत घ्यावी लागते. मोकळ्या हवेत चालणारी रांग जिथे छताखाली वळते आणि लोक थबकून एकमेकांना खेटू लागतात, तिथे मास्क नाकावर घट्ट बसला आहे ना, हे पाहावे. पाण्याच्या राइडनंतर ओला मास्क नाकाला चिकटतो, श्वास जड होतो. म्हणून प्रत्येकी दोन कोरडे मास्क बंद पिशवीत ठेवावेत. जपानमध्ये 2020 साली रोलर कोस्टरवर ओरडू नये, अशी सूचना होती. अनेकांना ती विचित्र वाटली, मला मात्र रास्त वाटते, कारण ओरडताना तोंडातून अधिक तुषार उडतात. जेवण गर्दीच्या वेळेआधी, उघड्यावर बसून उरकावे.