पेटीवर बसतं, व्हायोलिनवर का बसत नाही?

प्रश्न : मुलगी सतरा वर्षांची. आठ वर्षं पेटी शिकली; आता दोन व्हायोलिन, व्हिओला आणि चेलोसाठी स्वतः रचना लिहिते. म्यूझस्कोअर या संगणकावरच्या स्वरलेखनाच्या सॉफ्टवेअरवर छान वाजते, पण बेळगावच्या एका व्हायोलिनवादकाने ‘हे वाजणार नाही’ म्हणत कागद परत दिला. चूक कुठे? पुढे काय शिकावं?
— एक पालक, खानापूर

उत्तर : संगणकाला बोटं नसतात, तो काहीही वाजवतो. पेटीवादक पं. रामभाऊ विजापुऱ्यांच्या गावात, बेळगावात, पेटीला नावं ठेवायची सोय नाही, पण चूक बहुधा तिथूनच आली असणार.

पेटीवर सा-ग एकत्र दाबणं सोपं. व्हायोलिनवर मात्र एकत्र दोन सूर हवे असतील, तर ते शेजारच्या दोन तारांवर यावे लागतात. पेटीच्या पट्ट्यांच्या भाषेत तारा खालून वर पांढरी पाच, दोन, सहा, तीन अशा. सा पांढरी पाच धरला, तर सर्वांत खालचा सा आणि त्याच्या लगतचा ग एकाच तारेवर येतात. एका वादकाला ते एकत्र वाजवता येणारच नाहीत. तो ग दुसऱ्या व्हायोलिनला द्यावा. सा-प मात्र दोन मोकळ्या, म्हणजे बोट न ठेवता वाजणाऱ्या, तारांवर आयते मिळतात. तिचा सा काळी चार असेल, तर रचना अर्धा सूर उतरवून पांढरी पाचात लिहावी. काळी चारात सा, म, प यांपैकी एकही मोकळ्या तारेवर नाही.

मींडेसाठी, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्यासाठी, दोन सुरांवर नुसती कमान काढू नये. वादक सूर सरळ जोडून मोकळा होतो. मधे तिरकी रेघ हवी, आणि घसरण कुठल्या मात्रेपासून सुरू होते तेही लिहावं. नाहीतर बहुतेक जण शेवटच्या क्षणी घसरतात.

त्या वादकाने तारा कशा मिळवल्या होत्या, हे विचारलं का? आपल्याकडे हिंदुस्थानी वाजवणारे त्या बहुधा सा-पमध्ये मिळवतात. मग स्टाफवरचा, म्हणजे पाच रेघांच्या पाश्चात्त्य स्वरलिपीतला, कागद बरोबर असूनही बोटं जुळत नाहीत.

आधी एकट्या व्हायोलिनसाठी दोन मिनिटांची रचना, मग दोन व्हायोलिन, चौघं शेवटी. व्हिओलाची ओळ आल्टो क्लेफमध्ये (ओळीच्या सुरुवातीला कुठल्या रेघेवर कुठला सूर हे सांगणारी खूण म्हणजे क्लेफ). प्रत्येकाचा कागद वेगळा छापावा. पान विश्रांतीच्या जागी संपावं, वाजवताना दोन्ही हात गुंतलेले असतात.

एबीआरएसएम या ब्रिटिश संगीत परीक्षा मंडळाच्या थिअरीच्या पहिल्या पाच ग्रेड ऑनलाइन देता येतात. वादकांसाठी चोर्ला घाट उतरून पणजी गाठा. कला अकादमीत पाश्चात्त्य संगीताचा विभाग आहे. पदवीच्या प्रवेशासाठी सहसा दोन-तीन रचना मागतात. त्यांतली एक तरी माणसांनी वाजवून रेकॉर्ड केलेली असावी, मग ती दोन मिनिटांची का असेना.