रिपोर्ट नॉर्मल, मग घसा का आवळतो?

प्रश्न : दात काढताना भुलीचं इंजेक्शन दिलं आणि लगेच छाती धडधडायला लागली, ओठांना-बोटांना मुंग्या आल्या, घसा आवळला. पुढे पेनिसिलीनच्या पहिल्याच गोळीला तेच. अ‍ॅलर्जीच्या तपासण्या नॉर्मल आहेत. 'सगळं मनाचं आहे,' असं सांगून घरी पाठवतात. मी नाटक करते का?

उत्तर : मुळीच नाही, ताई. 'मनाचं आहे' म्हणून पेशंटला वाटेला लावणं मला पटत नाही. त्रास शरीरालाच होतोय.

भुलीच्या औषधाची खरी अ‍ॅलर्जी फार क्वचित असते. पण त्या इंजेक्शनमध्ये बऱ्याचदा अ‍ॅड्रेनलिन मिसळलेलं असतं आणि त्यानेच धडधड होऊ शकते. धडधडलं की आपण घाबरतो, नकळत भराभर श्वास घेतो. त्यामुळे रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि ओठांभोवती, बोटांच्या टोकांना मुंग्या येतात. भीतीने घशाचे स्नायूही आवळतात. हा अनुभव शरीर विसरत नाही. मग नुसती गोळी हातात घेतली तरी सगळं पुन्हा सुरू होऊ शकतं. याला नोसिबो परिणाम म्हणतात. १८८६ मध्ये जॉन मॅकेंझी या अमेरिकन डॉक्टरांनी गुलाबाचा त्रास असलेल्या एका बाईंसमोर कृत्रिम गुलाब धरला, तरी त्यांना शिंका सुटल्या, नाक चोंदलं. त्या बाईही नाटक करत नव्हत्या.

तुमच्या बाबतीत हेच घडतंय असं मी पत्रावरून ठरवणार नाही. पेनिसिलीनची अ‍ॅलर्जी आहे असं सांगणाऱ्या दहांपैकी साधारण नऊ जणांना नीट तपासल्यावर ते औषध चालतं, म्हणून अ‍ॅलर्जीतज्ज्ञांकडे 'प्रोव्होकेशन टेस्ट'बद्दल, म्हणजे तेच औषध थोडं थोडं देऊन बघण्याच्या तपासणीबद्दल, जरूर विचारा. ती रुग्णालयात, देखरेखीखाली होते. गरज वाटल्यास काही डोस औषधाविना देतात आणि कोणता डोस कसला हे तुम्हाला सांगत नाहीत. घरी स्वतः गोळी घेऊन बघू नका. दातांच्या डॉक्टरांना आधीचा त्रास सांगा, अ‍ॅड्रेनलिनविना भूल चालेल का विचारा, इंजेक्शन आडवं झोपून आणि सावकाश घ्या.

मात्र अंगावर गांधी उठल्या, ओठ किंवा जीभ सुजली, छातीत घरघर सुरू झाली, तर मनाचं असेल म्हणून थांबू नका, तडक रुग्णालय गाठा. उपचार सुरू झाल्यावर तिथल्या डॉक्टरांना ट्रिप्टेजसाठी, म्हणजे तीव्र अ‍ॅलर्जीत रक्तात वाढणाऱ्या एका घटकाच्या तपासणीसाठी, रक्त घ्यायला सांगा. ते पहिल्या काही तासांतच घ्यावं लागतं आणि खरी अ‍ॅलर्जी ओळखायला त्याची मोठी मदत होते.