वाचकांचे प्रश्न : वडिलांच्या घरात नाव आणि कर्जाची बदली

प्रश्न : आमचे घर दारव्हा तालुक्यातील एका गावात, आबादीत (गावठाणात) आहे. वडिलांनी प्लॉट रजिस्ट्रीने घेऊन त्यावर बांधकामाचे कर्ज काढले. आज 12 लाख बाकी, व्याज 10 टक्के, मुदत 15 वर्षे उरली आहे. हप्ता मी भरतो. दुसरी बँक साडेआठ टक्क्यांनी कर्ज उचलायला तयार आहे. गेल्या वर्षी ग्रामपंचायतीच्या नमुना आठवर वडिलांच्या नावासोबत माझे नाव चढवून घेतले, पण बँक म्हणते, तुम्ही मालक नाही. मला दोन बहिणी आहेत. आता काय करावे?

उत्तर : बँकेचे म्हणणे बरोबर आहे. नमुना आठ ही कर आकारणीची नोंद आहे. घरटॅक्स कोणाकडून वसूल करायचा एवढेच त्यावरून कळते, मालकी त्यातून निर्माण होत नाही. मासिक सभेत ठराव घेऊन चढलेल्या नावावर मुलगा मालक झाला, असे गावोगावी समजले जाते आणि त्याच समजुतीवर अनेकांची प्रकरणे बँकेत अडकतात.

तुमच्या बाबतीत सरळ वाट म्हणजे नोंदणीकृत बक्षीसपत्र. प्लॉट वडिलांनी स्वतःच्या पैशाने घेतला असेल तर तो त्यांचा स्वकष्टार्जित. त्यातला अर्धा हिस्सा तुम्हाला द्यायला बहिणींच्या सहीची कायद्याने गरज नाही. मात्र प्लॉट आजोबांच्या वाटणीतून आलेला असेल तर गोष्ट वेगळी. 2005 च्या दुरुस्तीपासून मुलीही वडिलोपार्जित मिळकतीत जन्मतः हिस्सेदार आहेत, आणि त्यांना बाजूला ठेवून केलेला दस्त बँकेचा वकील शोध अहवालातच, म्हणजे मालकीच्या जुन्या नोंदी तपासतानाच, अडवतो. म्हणून कर्जाच्या अर्जाआधी मूळ रजिस्ट्री वाचा आणि प्लॉट कोणाकडून, कसा आला ते पाहा. स्वकष्टार्जित असला तरी बहिणींना दस्ताआधी सांगा. सही लागत नाही म्हणून त्यांना अंधारात ठेवू नका.

दस्ताआधी सध्याच्या बँकेची लेखी संमती घ्या. घर तारण आहे आणि मूळ कागद तिच्याकडे आहेत. कर्जाच्या करारात बहुधा 'बँकेच्या परवानगीशिवाय हस्तांतरण नाही' असे कलम असते. संमती न घेता दस्त केला तर करारभंग होतो, आणि नवी बँक ते पाहून मागे सरकते. अर्जात 'अर्धा अविभक्त हिस्सा मुलास बक्षीस देत आहोत, कर्जाचा बोजा कायम राहील' असे स्पष्ट लिहा. हेच वाक्य बक्षीसपत्रातही हवे.

खर्च फार नाही. महाराष्ट्रात राहते घर किंवा शेतजमीन मुलगा, मुलगी, नातवंडे, पती-पत्नी किंवा मृत मुलाची पत्नी यांना बक्षीस दिल्यास मुद्रांक शुल्क फक्त 200 रुपये आहे. त्यावर स्थानिक संस्थेचा 1 टक्का अधिभार बाजारमूल्यावर लागतो. म्हणजे दिलेल्या हिश्श्याचे सरकारी मूल्य 9 लाख निघाले तर 9,000 रुपये. शिवाय नोंदणी फी आणि दस्त हाताळणीचे दर पानामागे लागणारे शुल्क. भावाला बक्षीस दिले तर 200 रुपयांची सवलत नाही, तिथे 3 टक्के दर आहे. मुलगा हयात असताना सुनेच्या नावे केले तर तेही या सवलतीत बसत नाही. नाव कोणाचे लावायचे हे ठरवताना एवढा फरक लक्षात घ्या.

दस्तावर दोन साक्षीदार लागतात, आणि देणारा हयात असतानाच तुम्ही ते स्वीकारल्याचे त्यात नमूद व्हायला हवे. एकदा दिलेले बक्षीस वडिलांना मनात आले म्हणून परत घेता येत नाही. म्हणून पूर्ण घर देण्याऐवजी अर्धाच हिस्सा द्यावा, आणि आई-वडिलांना तहहयात राहण्याचा हक्क व त्यांच्या सांभाळाची अट दस्तात घालावी असा आमचा आग्रह आहे. अट लिहिलेली असेल आणि ती पाळली गेली नाही, तर ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या 2007 च्या कायद्याखाली न्यायाधिकरण दस्त रद्द ठरवू शकते. अट नसेल तर म्हाताऱ्या माणसाची बाजू लंगडी पडते.

आता आखीव पत्रिका, म्हणजे घराच्या जागेचे प्रॉपर्टी कार्ड. स्वामित्व योजनेत ड्रोनने मोजणी झालेल्या गावांत आबादीच्या घरांना आखीव पत्रिका आणि सनद मिळते. तुमच्या गावची झाली असेल तर तालुक्याच्या उपअधीक्षक भूमी अभिलेख कार्यालयातून उतारा काढा आणि मूळ रजिस्ट्रीशेजारी ठेवून ओळीने ताडा. घोळ इथेच निघतो. रजिस्ट्रीत 1,200 चौरस फूट, म्हणजे 111.48 चौरस मीटर, आणि पत्रिकेवर 108.20. रजिस्ट्रीत पूर्वेस रस्ता, प्रत्यक्षात पूर्वेस शेजाऱ्याचा गोठा. वडिलांचे नाव रजिस्ट्रीत 'रामा', आधार कार्डावर 'रामराव'. यातली प्रत्येक तफावत बँकेचा वकील लाल शाईने लिहितो. नावासाठी एकच व्यक्ती असल्याचे प्रतिज्ञापत्र बहुतेक वेळा चालते, पण क्षेत्र आणि चतुःसीमा आधी दुरुस्त करून घ्याव्या लागतात. हे बक्षीसपत्राआधी करा, नाहीतर जुनी चूक नव्या दस्तात उतरते. दस्त झाल्यावर सूची क्रमांक 2 ची (नोंदवलेल्या दस्ताच्या गोषवाऱ्याची) प्रत जोडून पत्रिकेवर फेरफार घ्या, मग नमुना आठ.

एवढे झाल्यावर कर्ज बदलीचा अर्ज तुम्ही आणि वडील दोघांच्या नावाने, सहमालक व सहकर्जदार म्हणून करा. जुन्या करपद्धतीत व्याजाची वजावट घ्यायची तरी तुम्ही मालकही हवे आणि कर्जदारही. नुसता हप्ता भरून ती मिळत नाही.

पण त्याआधी सध्याच्या बँकेला एकदा लेखी विचारा की दर कमी कराल का. थोडी फी घेऊन अनेक बँका दर उतरवतात. त्यात नवा शोध अहवाल, नवे मूल्यांकन, नवे तारण-मुद्रांक हा सगळा खर्च वाचतो. तुमचे कर्ज 1 ऑक्टोबर 2019 च्या आधीचे असेल तर ते रिझर्व्ह बँकेच्या रेपो दरासारख्या बाह्य दराशी जोडलेले नसण्याची शक्यता मोठी, आणि तसे असेल तर ते जोडून घेण्यानेच बराच फरक पडतो.

बदली करायचीच तर मुदत वाढवू नका. आजचा हप्ता सुमारे 12,895 रुपये. साडेआठ टक्के आणि तीच 15 वर्षे ठेवली तर 11,817 होतो, शेवटपर्यंत जवळपास 1 लाख 94 हजार वाचतात. नव्या बँकेचा माणूस बसून समजावतो, '20 वर्षे करा, हप्ता 10,414 येईल.' हप्ता हलका दिसतो, पण एकूण भरणा 24 लाख 99 हजारांवर जातो. आजच्याच कर्जात राहिलात तर तो 23 लाख 21 हजार आहे. म्हणजे दर घटूनही पावणेदोन लाख जास्त.

बदलत्या दराच्या कर्जावर वैयक्तिक कर्जदाराकडून मुदतपूर्व फेडीचा दंड घेता येत नाही. कोणी मागितला तर रिझर्व्ह बँकेच्या नियमाचा हवाला देऊन लेखी नकार द्या. जुन्या बँकेकडून बाकी रकमेचे पत्र घ्या आणि त्यावरची तारीख पाहा. 12 लाखांवर 10 टक्क्यांनी रोजचे व्याज सुमारे 329 रुपये होते. नव्या बँकेची रक्कम पाच दिवस उशिरा आली तर सोळाशेच्या वर कमी पडतात, खाते बंद होत नाही आणि कागद तिथेच राहतात. खाते बंद झाल्याचे पत्र हाती येईपर्यंत जुना हप्ता थांबवू नका. पुढे आखीव पत्रिकेवरचा जुना बोजा कमी करून नवा चढला का ते उतारा काढून पाहा.

प्रश्न : वडील वारले, घर त्यांच्याच नावावर आहे. दोन्ही बहिणींनी 100 रुपयांच्या स्टॅम्पवर नोटरीसमोर हक्कसोड लिहून दिले. त्यावर कर्ज मिळेल का? (आर्वी तालुका)

उत्तर : नाही. हक्कसोडपत्र दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेले हवे, नोटरीचे चालणार नाही. आधी वारसांची नोंद करा. आई, तुम्ही आणि बहिणी, सगळ्यांची नावे आली पाहिजेत. मग बहिणी आपला हिस्सा सहहिस्सेदाराच्या, म्हणजे तुमच्या किंवा आईच्या, लाभात सोडू शकतात. तुमच्या पत्नीच्या नावे हक्क सोडता येत नाही, कारण तिचा त्या घरात हिस्साच नाही. तिथे बक्षीसपत्र लागेल. बँक आईलाही सहकर्जदार किंवा निदान जामीनदार म्हणून सही करायला सांगेल, तिची तयारी आधी विचारून ठेवा.

प्रश्न : कर्ज पूर्ण फेडून दोन महिने झाले, मूळ रजिस्ट्री मिळत नाही. (कुही तालुका)

उत्तर : 1 डिसेंबर 2023 पासूनच्या नियमानुसार पूर्ण फेडीनंतर 30 दिवसांत मूळ कागद परत द्यायचे आणि नोंदवलेला बोजा काढायचा असतो. उशीर बँकेमुळे झाला असेल तर दर दिवसाला 5,000 रुपये भरपाई तुम्हाला देणे तिच्यावर बंधनकारक आहे. शाखेत तोंडी विचारत बसू नका. फेडीची तारीख आणि कागदांची यादी लिहून अर्ज द्या, पोच घ्या. 30 दिवसांत समाधान झाले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करा, तिला फी नाही आणि वकीलही लागत नाही. बँक कागद हरवल्याचे म्हणत असेल तर प्रमाणित नक्कल काढून देण्यास मदत करणे आणि तिचा खर्च सोसणे हेही तिच्याकडेच आहे. त्यासाठी तिला आणखी 30 दिवस मिळतात, त्यानंतर भरपाई सुरू होते.