वाचक विचारतात: जुनं जपानी घड्याळ घेताना भाव कसा ओळखायचा?

प्रश्न: मला जुन्या सेइको घड्याळांची आवड लागलीय. ऑनलाइन एक सेइको ५ दिसलं, भगव्या डायलचं, एकदम नव्यासारखं चकाचक. विक्रेता म्हणतो १९६० च्या दशकातलं आहे, ओरिजिनल आहे, सर्व्हिसिंग केलेलं आहे, भाव साडेसहा हजार. मागच्या झाकणावर ७००९ नंबर आहे. असंच दिसणारं दुसरीकडे दीड हजारात आहे आणि एकाने तर पंचवीस हजार लावलेत. खरा भाव कुठला समजायचा? (सातारा)

उत्तर: आधी सरळ सांगतो, हे घड्याळ घेऊ नका. साडेसहा हजाराला तर नाहीच. का ते सांगतो, म्हणजे पुढच्या वेळी तुमचं तुम्हालाच कळेल.

सेइकोच्या मागच्या झाकणावर चार आकडे, मग आडवी रेघ, मग आणखी चार आकडे असतात. पहिले चार म्हणजे आतलं मशीन, पुढचे चार म्हणजे केस, घड्याळाचं बाहेरचं धातूचं कवच. आता ७००९ हे मशीनच मुळात सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात आलं, मग ते घड्याळ साठच्या दशकातलं कसं असेल? विक्रेता मुद्दाम खोटं बोलतोय असंही नाही, त्याला कदाचित माहीतच नसेल, पण ज्याला स्वतःच्या मालाचं वय माहीत नाही त्याच्या 'ओरिजिनल' या शब्दावर आपण पैसे का लावायचे.

दुसरी गोष्ट डायलची, आणि सगळा भाव तिथेच आहे. सेइको ५ ही मालिका १९६३ साली आली, तेव्हापासून ही घड्याळं लाखोंनी बनली, म्हणजे मशीन दुर्मिळ नाही, केस दुर्मिळ नाही, दुर्मिळ आहे तो फक्त कारखान्यातून जसा निघाला तसाच राहिलेला डायल. आपल्याकडच्या दमट हवेत पन्नास वर्षांत डायलवर डाग पडतात, रंग फुगतो, मग कारागीर तो खरवडून नवा रंग मारतात आणि नावं परत छापतात. याला रिडायल म्हणतात. भारतातून अशी इतकी घड्याळं बाहेर गेलीत की परदेशातले हौशी लोक त्यांना 'मुंबई स्पेशल' म्हणतात, आणि ते कौतुकाने म्हणत नाहीत.

ओळखायचं कसं? दहा पटीचं भिंग घ्या, घड्याळजी डोळ्याला लावतो तसलं, शंभर-दोनशे रुपयांत मिळतं. डायलच्या अगदी खालच्या कडेला, सहाच्या खुणेच्या दोन्ही बाजूंना, मुंगीएवढ्या अक्षरात JAPAN असं रोमन लिपीत आणि शेजारी एक नंबर छापलेला असतो. त्या नंबरचे पहिले चार आकडे झाकणावरच्या मशीनच्या नंबराशी जुळायला हवेत. पुढचे चार तंतोतंत जुळतीलच असं नाही, त्याने घाबरू नका. रिडायलवर ही ओळ बहुतेक वेळा नसतेच, किंवा असली तर अक्षरं जाड, एखादं वर चढलेलं. मग तारखेच्या खिडकीची कड बघा, कारखान्याची कड सुरीने कापल्यासारखी स्वच्छ असते, रिडायलला तिथे रंगाचा थर जमलेला दिसतो. मिनिटांच्या रेघा बघा, कुठे तरी दोन रेघांमधलं अंतर चुकलेलं सापडतंच. आणि काट्यांवरचा अंधारात चमकणारा रंग पिवळट-तपकिरी पण डायलवरचे ठिपके पांढरेशुभ्र, असं असेल तर दोघं एका वयाचे नाहीत.

तुमच्या भगव्या डायलच्या फोटोत खाली काहीच छापलेलं नाही. झाकण उघडून मशीनचा फोटोही दिलेला नाही. असल्या घड्याळाचे माझ्या पाहण्यात दीड-दोन हजार होतात, आणि हातात घालायला मजा म्हणून तेवढे द्यायला काही हरकत नाही, मीही दिलेत. पण ते विकायला जाल तेव्हा त्याहून कमी येतील हे धरून चाला.

आता भावाचं. पंचवीस हजार हा भाव नाही, ती विकणाऱ्याची मागणी आहे. कुणीही काहीही आकडा टाकू शकतो. ईबेवर शोधताना 'विकलेल्या वस्तू' असा फिल्टर असतो तो लावा, त्यात प्रत्यक्ष किती पैशाला माल गेला ते दिसतं. पूर्ण नंबर टाकून शोधा, आठच्या आठ आकडे, आणि एखाद-दुसरा व्यवहार नको, दहा-बारा बघा. वरचे एक-दोन आणि खालचे एक-दोन सोडून द्या. मग त्यातून सर्व्हिसिंगचा खर्च वजा करा, कारण 'सर्व्हिस केलंय' याचा अर्थ बरेचदा एवढाच असतो की मशीन न उघडता तेलाचा थेंब टाकलाय. कधी केलं, कुणी केलं, याचं उत्तर मिळालं नाही तर केलेलं नाही असंच समजा.

आणि सेइको म्हणजे सगळं स्वस्त असंही नाही हं. ६१३९ नावाचं ऑटोमॅटिक क्रोनोग्राफ मशीन, म्हणजे हाताच्या हालचालीने आपोआप चावी बसणारं आणि स्टॉपवॉच असलेलं, १९६९ साली आलं, जगातल्या पहिल्या ऑटोमॅटिक क्रोनोग्राफांपैकी एक. त्याचं पिवळ्या डायलचं घड्याळ कर्नल विल्यम पोग यांनी १९७३ साली नासाच्या स्कायलॅब ४ या अंतराळस्थानकाच्या मोहिमेत अंतराळात नेलं, नासाने ठरवून दिलेलं घड्याळ वेगळं होतं तरी. आज त्या मॉडेलला लोक 'पोग'च म्हणतात आणि त्याचा भाव साध्या सेइको ५ च्या कितीतरी पट आहे. म्हणूनच त्यात बनावट डायल, बनावट काटे भरपूर. ते घ्यायची वेळ आली तर बटणं दाबून स्टॉपवॉचचा काटा सुरू होतो का, थांबतो का, आणि शून्यावर अचूक परत येतो का ते व्हिडिओत बघा, शिवाय चावी आत दाबली की तारीख आणि वार बदलायला हवेत. ते बिघडलं असेल तर दुरुस्तीत आपण वाचवलेले सगळे पैसे जातात.

प्रश्न: वडील कुवेतला होते, १९७९ मध्ये तिथून त्यांनी सेइको आणलं. ६३०९ नंबर आहे, वार इंग्रजीत आणि अरबीत दिसतो. काच ओरखडलीय, डायल थोडा पिवळा पडलाय. इथला घड्याळवाला म्हणतो पॉलिश करून नवा डायल टाकतो, मग चांगली किंमत येईल. करू का? (रत्नागिरी)

उत्तर: नका करू हो, हात जोडून सांगतो. तुमच्याकडे जे आहे ते शोधायला आम्ही गावोगाव फिरतो.

झाकणावर जो लांब नंबर आहे, सिरियल नंबर, त्याचा पहिला आकडा वर्षाचा शेवटचा आकडा असतो आणि दुसरा महिन्याचा. १ ते ९ म्हणजे जानेवारी ते सप्टेंबर, ऑक्टोबरला शून्य, नोव्हेंबरला एन, डिसेंबरला डी. तुम्ही पाठवलेल्या फोटोत सुरुवात ८ आणि एन अशी आहे, म्हणजे नोव्हेंबर, आणि साल १९७८ किंवा १९८८. नंबर एवढंच सांगतो, दशक आपण शोधायचं. वडिलांनी १९७९ मध्ये आणलं म्हणजे १९७८, प्रश्न मिटला. बघा, घरातल्या आठवणीने जे कळलं ते बाजारातल्या कुठल्याही विक्रेत्याला सांगता आलं नसतं. तो अरबी वार म्हणजे आखाती देशांसाठी काढलेल्या मालाची खूण, कोकणातल्या कितीतरी घरांत अशी घड्याळं कपाटात पडून आहेत.

पिवळा पडलेला ओरिजिनल डायल हा नव्या छापलेल्या डायलपेक्षा जास्त किमतीचा. पॉलिशने केसच्या धारदार कडा गोल होतात आणि त्या परत येत नाहीत. फक्त तीन कामं करून घ्या: मशीन पूर्ण खोलून साफ करून तेल, नवी काच, नवी रबराची रिंग. काढलेली जुनी काच मागून घ्या. घड्याळवाल्याला आधीच बजावा की डायल आणि काट्यांना हात लावायचा नाही, आणि देण्याआधी झाकण उघडून आतले फोटो काढा, त्याच्यावर अविश्वास म्हणून नव्हे, पुढे कधी विकायचं झालं तर घेणाऱ्याला दाखवायला. विकलं तर चार-सहा हजारांच्या आसपास यावं असा माझा अंदाज. मी तुमच्या जागी असतो तर विकलं नसतं.

प्रश्न: जपानमधल्या लिलाव साइटवर घड्याळं फार स्वस्त दिसतात. तिथून थेट मागवावं का? (पुणे)

उत्तर: मागवा, पण यादीत 'जंक' असा शब्द आहे का ते आधी बघा. जपानी विक्रेते त्याचा अर्थ चालत नाही किंवा तपासलेलं नाही, परत घेणार नाही, असा घेतात, आणि तो शब्द ते प्रामाणिकपणे लिहितात. तिथले डायल बहुतेक ओरिजिनल असतात हा मोठा फायदा. मात्र घड्याळाच्या किमतीत आपल्यासाठी तिथे बोली लावून माल पाठवणाऱ्या मध्यस्थ कंपनीचं कमिशन, जपानमधलं पोस्टेज, तिथून इथलं पोस्टेज, मग आपली कस्टम ड्युटी आणि जीएसटी असं सगळं धरा, दोन हजाराचं घड्याळ घरी येईपर्यंत दुप्पट होऊ शकतं. म्हणून एकेक मागवण्यापेक्षा तीन-चार एकत्र मागवलेली परवडतात. आणि पहिल्यांदाच घेत असाल तर सिटिझन या जपानी कंपनीचं हाताने चावी द्यायचं घड्याळ घ्या, कारण एचएमटीने १९६१ मध्ये बेंगळुरूला घड्याळं बनवायला सुरुवात केली ती सिटिझनच्याच सहकार्याने, त्यामुळे आपल्या जुन्या घड्याळजींचा हात त्या मशीनवर बसलेला आहे.