ज्येष्ठमधातला 'ज्येष्ठ' कोण?

प्रश्न असा आहे: परदेशातून येणाऱ्या काळ्या, चिवट लिकरिश गोळ्यांना मराठीत ज्येष्ठमध म्हणावे का? आणि ज्येष्ठमधातला 'ज्येष्ठ' कोण?

आधी दुसरा प्रश्न घेतो. त्यात ज्येष्ठ कोणीही नाही, ज्येष्ठ महिनाही नाही. मूळ संस्कृत शब्द यष्टिमधु. यष्टि म्हणजे काठी. प्राकृतात शब्दारंभीच्या 'य'चा 'ज' होतो (यात्रा-जत्रा, यव-जव). गुजरातीत अजूनही जेठीमध म्हणतात. आपल्याकडे या 'जेठी'चा अर्थ विसरला गेला आणि कोणा शुद्धतावाद्याने तिला थेट ज्येष्ठपद बहाल केले असावे! आपली लाठीही त्याच यष्टीची.

युरोपातही अगदी हेच घडले. ज्येष्ठमधाचे ग्रीक नाव ग्लुकुऱ्हिझा, म्हणजे गोड मूळ. ग्लुकोजमधले 'ग्लुको' तेच. लॅटिनमध्ये त्याचे 'लिक्विरिशिया' (त्यावरूनच इंग्रजी लिकरिश) झाले, कारण कानाला 'लिकर' म्हणजे द्रव हा शब्द ओळखीचा होता. मुळ्या उकळून अर्क काढायचा असल्याने ही चूक पटण्यासारखीही होती. दारूशी संबंध एवढाच.

आता गोळी. इंग्लंडात यॉर्कशायरमधल्या पाँटिफ्रॅक्टला या मुळ्यांची शेती होई. तिथल्या जॉर्ज डनहिल या औषधविक्रेत्याने 1760 साली अर्कात साखर घातली आणि औषधाचा खाऊ झाला. नाव 'पाँटिफ्रॅक्ट केक', प्रत्यक्षात नाण्याएवढी चपटी काळी वडी, वर किल्ल्याचा छाप. 1899 मध्ये बॅसेट या मिठाई कंपनीच्या विक्रेत्याच्या हातून नमुन्यांचे तबक सांडले, सगळ्या रंगांची सरमिसळ झाली आणि गिऱ्हाइकाने तीच मागितली, अशी 'ऑलसॉर्ट्स' या रंगीबेरंगी लिकरिश गोळ्यांची जन्मकथा सांगतात. डच आणि फिनिश मंडळी तर याच्या खारट प्रकारात नवसागर घालतात. होय, कल्हईवाल्याचाच नवसागर, आणि तो मुलेही आवडीने चघळतात.

उलट अमेरिकेतल्या लाल दोऱ्यांसारख्या 'लिकरिश'मध्ये बहुधा ही मुळी नसतेच. चव स्ट्रॉबेरी-चेरीची असते. तिला ज्येष्ठमध कसे म्हणणार? माझ्या मते मुळीला ज्येष्ठमध आणि खाऊला लिकरिश म्हणावे. 'ज्येष्ठमधाची गोळी' म्हटलेत तर घरचे आधी घसा बसलाय का, असे विचारतील.