जेम्स त्या गावात किती वर्षे आहे?

प्रश्न : ‘सायलेंट हिल २’ या भीतीदायक व्हिडिओ गेमचा नायक जेम्स सायलेंट हिल या गावात त्याच त्या घटनांच्या न संपणाऱ्या फेऱ्यात अडकला आहे, हा चाहत्यांचा तर्क कितपत ग्राह्य धरावा?

उत्तर : २००१ सालच्या मूळ गेममध्ये टीव्हीसमोरचे प्रेत हुबेहूब जेम्ससारखे दिसते, परंतु तेवढ्यावर उभा राहिलेला तर्क तकलादूच होता. २०२४ च्या नव्या आवृत्तीत मात्र २६ छायाचित्रे सापडतात आणि प्रत्येकातील वस्तू मोजून त्यावरच्या मजकुरातील तितक्या क्रमांकाचे अक्षर उचलत गेल्यास ‘तू इथे दोन दशके आहेस’ अशा अर्थाचे इंग्रजी वाक्य जुळते. ही दोन दशके जेम्सची की जुन्या खेळाडूंची, हा पेच उरतोच. मला दुसरा अर्थ अधिक पटतो, कारण पत्नीच्या हत्येची शिक्षा भोगण्यासाठी पिरॅमिड हेड हा राक्षस आपल्यालाच हवा होता, हे जेम्स (रहस्यभंगाबद्दल क्षमस्व!) स्वतःच कबूल करतो आणि त्या कबुलीला फेऱ्याची गरज भासत नाही.