लहान मुलांना खडकांचे प्रकार आणि ते कसे बनतात हे कसं शिकवावं?

तुमची मुलगी दुसरीत आहे, ऐरोलीला राहता, अग्निजन्य-स्तरित-रूपांतरित ही नावं तिला पाठ आहेत. पण दगड हातात दिला की तिला काही सांगता येत नाही, असं तुम्ही लिहिलंय. त्यात तिचा दोष नाही, आपल्या जमिनीचा आहे. पारसिकच्या डोंगरापासून येऊरपर्यंत कुठलाही दगड उचला, तो बहुधा बेसाल्टच, म्हणजे लाव्हा थंड होऊन झालेला काळा अग्निजन्य खडकच निघणार. एकाच प्रकारचे दगड गोळा करून तीन प्रकार कसे कळणार?

म्हणून बाहेर फक्त बेसाल्ट दाखवा, पण नीट दाखवा. खडीच्या ढिगाऱ्यातला ताजा फुटलेला तुकडा घ्या, भिंग द्या. दाणे जवळपास दिसतच नाहीत, कारण लाव्हा जमिनीवर येऊन लवकर थंड झाला. काही तुकड्यांत आंबोळीच्या जाळीसारखी भोकं असतात. वायूचे बुडबुडे तिथे अडकले होते. पांढरे ठिपके दिसले तर त्या भोकांत नंतर पाण्याबरोबर आलेली खनिजं साचली आहेत. हे सगळं सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचं, म्हणजे डायनोसॉर संपले त्या सुमाराचं. एवढं सांगितलंत की मुलं स्वतःच प्रश्न विचारायला लागतात. मात्र ज्वालामुखी म्हणून शंकूसारखा धुराचा डोंगर काढून दाखवू नका. आपल्याकडचा बराचसा लाव्हा जमिनीला पडलेल्या लांबच लांब भेगांतून वर आला. माळशेज घाटात डोंगराला पायऱ्या दिसतात, त्या एकावर एक साचलेल्या लाव्हाच्या थरांच्या. थर दिसले म्हणजे गाळाचा (स्तरित) खडक, असं मुलं झटकन ठरवतात, तेव्हा हे आधीच सांगून ठेवा.

बाकीचे दोन प्रकार घरात आणि मार्बलच्या दुकानाबाहेरच्या तुकड्यांच्या ढिगात मिळतील. विचारलं तर सहसा देतात. शहाबादी आणि कोटा (दोन्ही चुनखडक, म्हणजे स्तरित), मकराण्याचा पांढरा संगमरवर (रूपांतरित) आणि बेसाल्टशी तुलनेला गुलाबी ठिपक्यांचा ग्रॅनाइट, एवढे पुरे. काळा 'ग्रॅनाइट' टाळा; दुकानात पॉलिश केलेला कुठलाही कडक दगड त्या नावाने विकतात. ग्रॅनाइटचे मोठाले दाणे बेसाल्टशेजारी ठेवून बघू द्या. दोघेही वितळलेल्या खडकापासूनच झाले, पण ग्रॅनाइट जमिनीखाली खोलवर फार सावकाश थंड झाला, म्हणून दाणे वाढले.

मग लिंबू. प्रत्येक तुकड्यावर खिळ्याने ओरखडा काढून थोडी पूड पाडायची आणि त्यावर रस पिळायचा. शहाबादीवर बारीक फेस येतो, संगमरवरावरही येतो, ग्रॅनाइट आणि बेसाल्ट ढिम्म. दोन वेगळ्या दिसणाऱ्या दगडांना एकच गोष्ट का होते? कारण संगमरवर मुळात चुनखडकच होता; जमिनीत खोल उष्णता आणि दाबाखाली तो न वितळताच बदलला. रूपांतरित म्हणजे काय, हे माझ्या मते याहून सोपं करून सांगता येत नाही. (घरच्या लादीवर करू नका, पॉलिश जातं आणि मग सासूबाईंना उत्तर तुम्हालाच द्यावं लागेल.)

गाळासाठी बरणीत वाळू, माती, बारीक खडी आणि पाणी घालून हलवा. जड ते आधी बसतं. ओहोटीला खाडीचा चिखल दाखवा, पण तो अजून खडक नाही, हेही सांगा.

मेणाचे खडू वितळवून खडक 'बनवण्याचे' व्हिडिओ सगळीकडे फिरतात. मला ते पटत नाहीत. रूपांतरित खडक दाखवताना खडू वितळतो, आणि नेमकं तेच तिथे घडत नसतं.

पावसाळ्यात खारघरचा पांडवकडा धबधबा किंवा कुठल्याही कापलेल्या डोंगराखाली मुलांना नेऊ नका, दरडी सुटतात. दिवाळीनंतर जा. गणपतीला कोकणात जाणार असाल तर जांभ्याची भिंत दिसेलच, आणि मुलगी विचारेल की हा दगड तीन प्रकारांपैकी कोणत्या खणात ठेवायचा. सरळ सांगा, आपल्या तिन्ही खणांत तो नीट बसत नाही: कातळच उन्हापावसात झिजत गेला, बाकीचं वाहून गेलं, लोह आणि ॲल्युमिनियम मागे राहिलं. लाल रंग त्या लोहाचा. त्याला चौथा खण करा.